हळद्याचा कोपरा

दौंड स्टेशनजवळ माझं दुकान होतं. पाटीवर लिहिलेलं होतं, 'बुक बाइंडिंग आणि फोटो फ्रेम'. पाटी खोटी नव्हती, पण पुरी खरीही नव्हती. शाळांची हजेरीपुस्तकं, वकिलांची जाडजूड बुकं आणि देवादिकांच्या तसबिरी यांच्यावर आमचं घर चाललं. ज्या कामासाठी मी रविवारची वाट बघायचो, ते मात्र पाटीवर नव्हतं, कारण ते दोन शब्दांत लिहायचं कसं हेच मला कधी उमगलं नाही. सिगारेटच्या पाकिटातली जुनी चित्रं मी साफ करून द्यायचो.

आताच्या मंडळींना हे फोडून सांगावं लागतं. इंग्रजांच्या वेळी, लढाईच्या आधी, चांगल्या सिगारेटच्या पाकिटात जाड कागदाचं एक छोटं कार्ड यायचं. आगपेटीपेक्षा थोडं मोठं, पुढं रंगीत चित्र, मागं इंग्रजीत माहिती. इंजिनं, पक्षी, क्रिकेटवाले, सिनेमातल्या नट्या, अशा मालिकाच असायच्या. मोठी माणसं सिगारेटी ओढायची आणि पोरं कार्डं जमवायची. लढाई लागली, कागद मिळेना, कार्डं बंद पडली. नवीन निघायची थांबली म्हटल्यावर जुन्यांची किंमत वाढली. मी सांगतोय ते दिवस पन्नास सालानंतरचे. दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या ड्रायव्हर, गार्ड मंडळींना या कार्डांचा भारी नाद होता. ड्युटीवर निघालेला माणूस एक वेळ भाकरीचा डबा घरी विसरेल, पण अदलाबदलीचं कार्ड खिशात घालायला विसरणार नाही.

काम तसं सोपं. पावाचा आतला मऊ गर घ्यायचा आणि कार्डावरून हलक्या हातानं फिरवायचा, म्हणजे धूळ आणि बोटांचा मळ त्याला चिकटून येतो. माश्यांनी घाण केली असेल तर ती बांबूच्या काडीच्या टोकानं उचलायची. वाकलेलं कार्ड दोन टीपकागदांत घालून वजनाखाली ठेवायचं. याला आम्ही पुसणं म्हणायचो. याच्या पुढं पाऊल टाकलं की ते सजवणं झालं. झिजलेला कोपरा छाटून पुन्हा टोकदार करायचा, उडालेल्या रंगावर रंग भरायचा, घडी पडलेल्या रेघेत खळ दाबायची, ही सगळी सजवण्याची कामं. अब्बांनी मला कामाला बसवताना एवढंच सांगितलं होतं, "कागदावर आलेलं काढ. कागदातलं काढू नको. आणि नसलेलं घालू नको." बाकी धंदा हात आपोआप शिकतो.

गिऱ्हाईकं मात्र एकेक नग. एक तिकीट तपासनीस आपल्या बायकोचा सल्ला ऐकून बसला. घरातली तांब्याची भांडी चिंचेनं लख्ख निघतात, मग कार्ड का निघू नये? त्यानं एका नामांकित फलंदाजाला चिंच लावून घासला. माझ्याकडं आला तेव्हा कार्डावर बॅट होती, पॅड होते आणि मधला माणूस नव्हता. भांडगावचे एक पाटील एका नटीचं कार्ड घेऊन आले. बाईचे दंड उघडे, त्यामुळं घरात महाभारत सुरू झालेलं. म्हणाले, "इसाकभाई, हिच्या अंगावर वाईच पदर काढा." मी म्हटलं, "पाटील, मी रंग लावत नाही." त्यांनी कार्ड पुन्हा एकदा न्याहाळलं आणि म्हणाले, "मंग चौकट तरी अशी रुंद करा, का निम्मी बाई झाकली पायजे." ती मी करून दिली. झाकायला आमच्या धंद्यात मनाई नाही.

रविवारी दुपारी अदलाबदल माझ्याच दुकानात चालायची. त्याची एक रीत पडून गेली होती. कार्ड आधी माझ्या हातात द्यायचं. मी ते दाराशी नेऊन उजेडात तिरकं धरायचो. सजवलेल्या जागी उजेड वेगळा चमकतो. कार्ड नुसतं पुसलेलं असलं तर मी ते टेबलावर चित्र वर करून ठेवायचो, आणि सजवलेलं असलं तर पालथं. तोंडानं एक अक्षर बोलायचं नाही. पालथं पडलं की मालकानं ते गुपचूप उचलून खिशात घालायचं आणि बाकीच्यांनी पावसापाण्याच्या गोष्टी काढायच्या. कोणी कोणाला लबाड म्हणायचं नाही. माणसाची अब्रू राहायची आणि व्यवहारही चोख व्हायचा. या रीतीचा मला अभिमान होता. आजही आहे, पण तिची आठवण आली की आधी कारेगावचे आप्पाच डोळ्यांपुढं येतात.

कारेगावात आता रांजणगावच्या कारखान्यांचे कामगार राहतात, खोल्यांवर खोल्या चढल्या आहेत. तेव्हा तिथं बाजरी होती आणि आप्पांची विहीर होती. आप्पा चांगले जमीनदार, सोसायटीत शब्दाला वजन असलेले. त्यांचा एकुलता एक मुलगा विलास शाळेसाठी दौंडला मामाकडं राहायचा. मामा रेल्वेत. कॉलनीतल्या पोरांच्या नादानं विलासही कार्डं जमवायला लागला. माझ्या दुकानातही यायचा, दारात उभा राहून माझे हात बघायचा. इंजिनांची मालिका त्यानं जवळजवळ पुरी करत आणली होती, एकच इंजिन मिळायचं राहिलं होतं. त्याच साली त्याला विषमज्वर झाला आणि त्यातच तो गेला.

वर्ष उलटल्यावर आप्पा त्याचा अल्बम छातीशी धरून माझ्याकडं आले. इंजिनांच्या पानावर एक जागा मोकळी होती. "यवढं एक मिळवून द्या," म्हणाले. "त्याचं राह्यलंय."

तेव्हापासून आप्पा महिन्याकाठी दौंडला यायचे. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण इंजिनं सगळी ओळखायचे. कोणत्या इंजिनाला किती चाकं, कुठलं मालगाडीचं, कुठलं मेलचं, हे ड्रायव्हर लोकांना विचारून विचारून पाठ केलेलं. कॉलनीतले लोक त्यांना चहा पाजायचे, विलासच्या गोष्टी सांगायचे. आप्पांना त्या नव्यानं कळायच्या. एकदा त्यानं मालगाडीच्या गार्डाकडून लाल झेंडी मागून घेतली होती आणि वर्गात मास्तरांना थांबवलं होतं, ही गोष्ट ऐकून आप्पा इतके हसले की शेवटी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले.

ते राहिलेलं इंजिन निघालं पीटर साहेबांकडं. हे मेल गाडीचे ड्रायव्हर, स्वभावानं कडक. कुटुंबासह कायमचे ऑस्ट्रेलियाला निघाले होते. आवराआवर करताना त्यांना ते कार्ड जादा सापडलं. त्यांच्या पक्ष्यांच्या मालिकेत पिवळा हळद्या नव्हता आणि विलासच्या अल्बमात हळद्या होता. पीटर साहेब पैशानं कार्ड कधी देत नसत. कार्डाला कार्ड, हा त्यांचा बाणा. मी आप्पांना निरोप पाठवला. रविवारी सकाळीच ते पहिल्या एस.टी.नं आले. अंगात नवा सदरा होता.

दुकान भरलेलं होतं. आप्पांनी हळद्या माझ्या हातात दिला. मी दाराशी जाऊन तो तिरका केला. पंखाकडचा कोपरा पुढून वेगळा चमकत होता. तिथं दुसरा कागद जोडलेला होता आणि त्यावर पिवळा रंग होता. हा रंग छापखान्यातला नाही हे दिसत होतं, पण खात्री करायला हवी होती. मी कापसाची बारीक वात ओली करून त्या पिवळ्याला अलगद टेकवली. मग आप्पांकडं त्यांची चुन्याची डबी मागितली. त्यांनी ती हसतच काढून दिली, त्यांना वाटलं मला तंबाखू खायची आहे. वात चुन्याला लावली तशी ती लाल झाली. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आपल्याकडं पोरालाही ठाऊक असतं.

पीटर साहेब म्हणाले, "इसाक, रखो नीचे."

मी ते पालथं ठेवलं. दुसरं काही करता आलं असतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या टेबलावर सगळ्यांचा विश्वास होता, आणि तो विश्वास माणूस बघून सोयीनं वापरायचा नसतो. पण आप्पांचा चेहरा मी पाहिला. ज्याच्या शब्दावर गाव चालतं त्या माणसाला भर बैठकीत पालथं घातल्यासारखं झालं. रीतीप्रमाणं त्यांनी ते उचलायला हवं होतं. ते उचललं नाही. "म्या कायबी केलेलं न्हाई त्याला," एवढंच म्हणाले आणि चालते झाले.

शिरूरच्या शाळांचं बाइंडिंगचं काम माझ्याकडं असायचं, त्यामुळं बाजाराच्या दिवशी मी तिकडं जायचोच. त्या आठवड्यात तसाच पुढं कारेगावला गेलो. आप्पा ओसरीवर बसले होते. या म्हणाले, पण माझ्याकडं बघेनात. मी हळद्या त्यांच्यापुढं ठेवला आणि त्याचा कोपरा दाखवला. म्हटलं, "आप्पा, तुम्ही केलं असं मी म्हणालो नाही. कुणीतरी केलंय, एवढंच."

आतून वहिनी आल्या. आप्पांची मंडळी. मी त्यांना तोवर एकदोनदाच पाहिलं होतं. दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्या केलंय त्ये."

आप्पांनी मान वर केली.

"सुट्टीला आला हुता. खिशात घालून हिरीवर पवाया गेला आन् कोपरा तुटून ग्येला. लई रडला. म्या म्हनलं, कसलं पाखरू हाय रं ह्ये? तर म्हनला, हळद्या. मंग शिताची खळ केली, कागूद डकवला आन् वर हळद लावली. लई खूश झाला. म्हनला, आई, आता उडंल बघ."

"मला कसं ठावं न्हाई?" आप्पांनी विचारलं.

"तुमाला सांगू नगं म्हनला. आप्पा रागं भरत्याल, म्हनला."

आप्पांनी हळद्या उचलून त्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. पोराच्या गोष्टी ते दौंडला जाऊन परक्या माणसांकडून गोळा करत होते, आणि ही गोष्ट त्यांच्याच घरात होती. मलाच तिथं बसवेना.

मी दौंडला येऊन हे पीटर साहेबांना सांगितलं. वरून कडक असला तरी माणूस मायेचा होता. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाले, "उनको बोलो, इंजन ऐसे ही ले जाओ. मेरे को कुछ नहीं मंगता." मला वाटलं, झालं, सुटलो. तसा निरोप धाडला. पुढच्या रविवारी आप्पा आले ते वहिनींना घेऊनच. आप्पांचा विचार कार्ड घ्यावं असाच होता. वहिनींनी ऐकलं नाही.

"फुकाट नगं," त्या म्हणाल्या. "ईलासनं कवा कुनाचं फुकाट घेतलं न्हाई. एक दिलं तवाच एक घेतलं. त्याच्या वहीत फुकाटचं चितार कसं बसवू?"

"पण वहिनी, हळद्या आहे तसा चालत नाही," मी म्हटलं. "तुम्ही लावलेलं काढलं तर चालेल. कोपरा तुटका दिसेल, पण कार्ड खरं होईल. तुटकं चालतं."

"मंग काढा."

मी टेबल पुसलं, साहित्य मांडलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा. म्याच लावलंय, म्याच काढते."

माझ्या टेबलावर माझ्याशिवाय त्या दिवसापर्यंत कोणी बसलं नव्हतं. मी उठून त्यांना जागा दिली. त्यांनी बांगड्या मागं सारल्या. मी सांगत गेलो आणि त्या करत गेल्या. पाणी लावायचं नाही, नुसता ओलावा द्यायचा. ओलसर टीपकागदाचा तुकडा कोपऱ्यावर ठेवायचा आणि थांबायचं. शिताची खळ जुनी झाली की घट्ट बसते, पण ओलाव्याला शेवटी ती ऐकते. त्या थांबल्या. घाई केली नाही. मग बांबूची चपटी काडी त्यांनी कागदाखाली सरकवली आणि तो तुकडा सोडवला. नखाएवढा असेल. त्याच्या मागं हळदीचा डाग खऱ्या कार्डात थोडा उतरला होता. हळद उन्हात उडते, म्हणून बाकीचं कार्ड झाकून तो कोपरा काचेखाली उन्हात ठेवला. दुपार कलली तेव्हा तो पुष्कळ फिका झाला होता. सगळा गेला नाही.

हळद्या मी हातात घेतला, उजेडात धरला आणि चित्र वर करून टेबलावर ठेवला. पीटर साहेबांनी इंजिन त्याच्या शेजारी ठेवलं आणि वहिनींना हात जोडले. वहिनींनी तो सोडवलेला तुकडा रुमालात बांधून कनवटीला खोचला. आप्पांनी तिथंच अल्बम उघडून इंजिन मोकळ्या जागेत बसवलं. मी सगळ्यांसाठी चहा मागवला. मला फार बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर धंद्यात इतकं स्वच्छ काम माझ्या हातून दुसरं झालं नाही, आणि तेही दुसऱ्याच्या हातानं झालं.

त्यानंतर आप्पा दौंडला यायचे बंद झाले.

आधी मला त्याचं काही वाटलं नाही. शेतीची कामं असतील. मग पाऊस झाला, सुगी झाली, तरी नाहीत. कॉलनीतले लोक विचारायचे, ते मोठे पटकेवाले बाबा कुठं गेले? पीटर साहेब तर केव्हाच बोटीवर चढले होते. पुढं पुष्कळ दिवसांनी शिरूरच्या बाजारात आप्पा दिसले आणि मी ओळखलंच नाही. पटका सैल झाला होता, गालफडं वर आली होती. मला म्हणाले, "चला घरला." नाही म्हणवलं नाही.

ओसरीवर बसलो. आप्पा आतून अल्बम घेऊन आले आणि माझ्या मांडीवर ठेवला. पानावर पान, सगळी इंजिनं आपापल्या जागी. एक जागा रिकामी नाही.

"इसाकभाई," आप्पा म्हणाले, "ह्ये पुरं व्हईपर्यंत मला वाटायचं, पोरगं त्या एका चितारापायी कुठंतरी हिंडतंय. म्याबी त्याच्या मागं मागं हिंडायचो. दौंडला आलो का वाटायचं, आत्ता हितंच हुतं. आता त्याला घावलं. आता म्या कुठं जाऊ?"

चूक झाली असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मागितलं ते मिळालं होतं, आणि खऱ्या मार्गानं मिळालं होतं. वाईट वाटतं, एवढंच. पण ते असं वाटतं की जन्मभर पुसत बसलो तरी निघणार नाही.

"यातलं येक काढून घ्या," आप्पा म्हणाले.

"कुठलं?"

"त्ये मला सांगू नगा. म्या तिकडं त्वांड करतो."

आणि खरंच ते भिंतीकडं तोंड करून बसले. मी अल्बम चाळला. अब्बांनी सांगितलेल्या तीन गोष्टींत ही कुठं बसते ते मला कळेना. आत वहिनी चुलीशी होत्या, त्यांना सगळं ऐकू जात होतं. मी एक इंजिन काढलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

मग आप्पा पुन्हा दौंडला यायला लागले. येऊन बसले की आधी पाणी प्यायचे आणि विचारायचे, "काय, लागला का तपास?" मी म्हणायचो, "मनमाडला एका फिटरकडं आहे म्हणतात." आप्पा पुढं सरकायचे. "मानूस कसा हाय? दील का?" मी म्हणायचो, "जरा अडेलतट्टू आहे." मग त्या मनमाडच्या माणसाला कसं वळवायचं यावर आमचा अर्धा दिवस जायचा. त्याला द्यायला आप्पांनी घरच्या गुळाची ढेपसुद्धा एकदा आणली. ती आम्ही दोघांनी तिथंच फोडून खाल्ली आणि वर त्या माणसाला शिव्या दिल्या. आजवर एकही खोटं कार्ड सुलटं न ठेवणारा मी महिन्याच्या महिन्याला सरळ थापा मारत होतो आणि ऐकणाऱ्याला त्या थापा आहेत हे ठाऊक होतं.

आप्पा गेल्याचं मला उशिरा कळलं. ते इंजिन खिशात घालून मी कारेगावला गेलो. आता ते ज्याचं त्याला द्यायला हवं होतं. वहिनी ओसरीवर एकट्याच बसल्या होत्या. मी कार्ड काढून त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी ते पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. बाजरीच्या रानाकडं बघत त्यांनी विचारलं, "त्यो मनमाडवाला काय म्हनतोय?"

मी कार्ड पुन्हा खिशात ठेवलं.

"नाही म्हणतोय, वहिनी," मी म्हणालो. "अजून नाहीच म्हणतोय."